मदत हवी आहे : भरतनाट्यमच्या टीचरना निरोप द्यायचाय, ३४ मुलं आणि तीन आठवडे

टिळकवाडीकर
मुलांच्या भरतनाट्यम क्लासच्या टीचर महिनाअखेर बेळगाव सोडून जातायत. मुलं ३४ : आठ वर्षांखालची १४, मधली १२, मोठ्या मुली ८. प्रत्येकी ३०० रुपये काढायचं ठरलंय, म्हणजे १०,२०० हातात. हॉल लहान आहे, स्टेज साधारण २४ फूट रुंद. टीचरना न सांगता मुलांचा नाच बसवायचाय. कोण बसवणार, कोणता घ्यायचा? आणि भेट काय द्यावी? शाल-श्रीफळ नको, असं सगळ्याच आया म्हणतायत.

तट्टकळी
नवीन नाच बसवू नका. गुरूशिवाय तीन आठवड्यांत बसवलेला नाच गुरूपुढंच करायचा म्हणजे चुका दाखवणं. जे शिकवलंय तेच घ्या. लहानांना तट्ट अडवू (अडवू म्हणजे नाचाचे पायाभूत तुकडे), मधल्यांना नाट्ट अडवू, मोठ्यांना तिश्र अलारिप्पू, म्हणजे सुरुवातीचा छोटा नाच. सगळं मिळून १२ मिनिटं, जास्त नको.

चूक होते ती लयीत. पहिल्या काळात, म्हणजे पहिल्या वेगात, मात्रेला एक पाय, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. फोनवरचा मेट्रोनोम ६० वर लावलात तर तिसऱ्या काळात मिनिटाला २४० पाय पडायला हवेत. लहानांचं तिथं अरमंडीच (गुडघे वाकवून अर्धं बसणं) सुटतं, गुडघे सरळ होतात आणि नुसतं थयथय उरतं. ४० वर लावा, १६० होतात. त्यातही १४ लहानांना दोनच काळ द्या.

नट्टुवांगाला, म्हणजे बोल म्हणत ताल धरायला, मोठ्यांतली एक मुलगी बसवा, ती नाचणार नाही. टाळ तिच्या हातात देऊ नका, नवख्या हाताला ते जमत नाहीत. लाकडी तट्टकळी, म्हणजे ताल द्यायची काठी, पुरे. ती बोल म्हणताना घाई करते, म्हणून पहिले आठ दिवस मेट्रोनोम चालू ठेवूनच सराव.

हात पसरून उभ्या मुलाला चार फूट लागतात. कडेला जागा सोडून २४ फुटांत एका ओळीत पाचच. लहानांच्या ओळी ५-५-४, मागची ओळ पुढच्यांच्या फटीत. लहानांना घुंगरू नकोत, चुकलेला प्रत्येक पाय ऐकू येतो.

खासबागचा माग
भेटीचं सांगतो. साडी घ्यायची तर शहापूर-वडगावात हातमागाची बघा, सरावाला सुतीच बरी. पण मुलांच्या हातची वस्तू हवी असेल तर मांजरपाटावर ३४ पावलांचे ठसे घ्या. नाचणारी पावलं, शोभून दिसतील.

होगिबर्री
पावलं नकोत वो. गुरूला पाय उमटवलेलं कापड द्यायचं? आपण चाळसुद्धा आधी नमस्कार करून बांधतो. हातांचे घ्या, आणि तेही पताक हस्तातले : चार बोटं जुळलेली, अंगठा दुमडलेला. बघताक्षणी कळेल की नाचाच्या मुलांचे हात आहेत.

खासबागचा माग
हे पटलं. मग माप बदलतं. ४४ इंच पन्ह्याचं मांजरपाट पावणेदोन मीटर घ्या. आधी रात्रभर भिजवून साबणानं धुवा. खळ राहिली तर रंग वरच बसतो आणि घडीवर तडकतो. शिवाय कापड आटतं, म्हणून चौकटी धुतल्यावरच आखायच्या : २० सेंटिमीटरच्या, आडव्या ७, उभ्या ५. होतात ३५. मधली चौकट टीचरच्या नावासाठी मोकळी सोडा.

आळता वापरू नका, पहिल्या धुण्यात पसरतो. फॅब्रिक कलर घ्या, तोही स्पंजनं तळव्याला टिपून. रंगात हात बुडवला की जुळलेली बोटं एकच पंजा होऊन बसतात. पताकात अंगठा वर राहतो, त्याची फक्त कड उमटते, ती उमटू दे. दोन-दोन मुलं बोलवा. ठशाखाली मुलानं आपलं नाव स्वतः लिहायचं, मराठीत की कन्नडमध्ये ते त्याचं त्यानं ठरवावं.

आपल्याकडच्या पावसात २४ तासांत वाळेल या भरवशावर राहू नका, तीन दिवस धरा. मग उलट्या बाजूनं इस्त्री, म्हणजे रंग पक्का.

टिळकवाडीकर
पताकाची कल्पना सगळ्यांना आवडली. लहान मुलं मात्र आत्तापासूनच रडवेली आहेत. कार्यक्रमाचा क्रम कसा ठेवू?

होगिबर्री
नाच आधी, भाषणं नंतर. रडलेलं मूल नाचत नाही आणि काजळ गालावर येतं. खाणंही नाचानंतर, भरल्या पोटी अरमंडी होत नाही. टीचरवर फुलं उधळायची असतील तर तीही शेवटी. पाकळीवरून अनवाणी पाय सटकतो. स्टेजवरची सतरंजीसुद्धा काढा.

ज्या लहानांना टीचर जाणार हे अजून माहीत नाही, त्यांना ते थेट त्या दिवशी कळू देऊ नका. आठ-दहा दिवस आधी टीचरनी स्वतःच वर्गात सांगावं. ‘लगेच परत येतील’ असं खोटं सांगू नका. शेवटी रोजच्यासारखा भूमी नमस्कार, क्लास सुटताना होतो तसाच. मुलांना त्याची सवय आहे, काय करायचं ते सांगावं लागत नाही.

टीचर कन्नड बोलणाऱ्या असतील तर एका मुलाकडून एवढंच पाठ करून घ्या : ‘निमगे तुंबा धन्यवादगळु.’ आणि निघताना ‘होगि बर्री’, म्हणजे जाऊन या.

वाटेसाठी खाऊ द्यायचा तर कुंदा कमी, करदंट जास्त. कुंदा खव्याचा, प्रवासात टिकत नाही. गूळ-डिंक-सुक्यामेव्याचं करदंट टिकतं.

तट्टकळी
एक काम समारंभाआधी उरकायचं. प्रत्येक मुलाचं कुठवर झालंय, हे टीचरकडून वहीत लिहून घ्या : किती अडवू, कोणत्या काळापर्यंत, कोणती रचना अर्धवट. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेचा फॉर्म भरलेला असेल तर प्रात्यक्षिकाला नट्टुवांग कोण करणार, हे आत्ताच ठरवा. टीचरची परवानगी घेऊन त्यांच्या आवाजात बोल रेकॉर्ड करा, तिन्ही काळ वेगवेगळे. ते यूट्यूबवर टाकू नका. नवीन गुरूंची बानी, म्हणजे शैली, वेगळी असली तर अडवूंची नावं आणि हात बदलतील, म्हणून आधीचं शिक्षण वाया गेलं असं मुलांपुढं बोलायचं नाही.

कार्यक्रमात आवाजासाठी बॅटरीवरचा स्पीकर ठेवा, पावसात लाईटीचा भरवसा नाही. आणि गाणं ज्या फोनवर आहे तो फ्लाइट मोडवर.

टिळकवाडीकर
मांजरपाट आज गणपत गल्लीत बघते. ठसे पुढच्या रविवारी, टीचरची सुट्टी असते तेव्हा. स्पंज किती लागतील?

खासबागचा माग
रंगाला एक. तीनच रंग ठेवा, जास्त झाले की सगळे मिसळून तपकिरी होतात. आणि हात धुवायची बादली दाराबाहेर, फरशीवर नको.