मदत हवी: रोज घालायला घड्याळ कुठलं? सेलचं, ऑटोमॅटिक की सोलर? (वडिलांचं एचएमटी रोज १५ मिनिटं पुढे पळतंय)

शिफ्टवाला

नमस्कार मंडळी. थोडं पाल्हाळ लागेल, सांभाळून घ्या.

वडील ओझरला नोकरीला होते. तेव्हापासूनचं त्यांचं एचएमटी जनता. पांढरी डायल, १७ ज्वेल, चावीचं. सकाळी आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की चहाचा कप खाली ठेवून चावी द्यायची, हा आमच्या घरातला नेम. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी ते काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "मला आता कुठे पंचिंग करायचंय."

रविवार कारंजाजवळ एक जुने घड्याळवाले काका बसतात, त्यांच्याकडून सर्व्हिसिंग करून घेतलं. उघडून साफसफाई, तेल, नवी काच. काका म्हणाले दिवसाला पंधरा-वीस सेकंद इकडे-तिकडे होणार, तेवढं चालवून घ्या. सुट्टीत घरी आठवडाभर घातलं तर बोलल्याप्रमाणे चाललं. मग कामावर घालून जायला लागलो. दहा-बारा दिवसांत ते रोज पंधरा मिनिटं पुढे पळायला लागलं. मागे पडत नाही, पुढेच जातं. काकांकडे परत जायला लाज वाटतेय, त्यांचं काम चांगलं होतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वडिलांचं घड्याळ आता जपूनच ठेवावं आणि रोजचं एक नवीन घ्यावं असा विचार आहे. बजेट १५ हजार. अंबडला कंपनीत आहे, तिन्ही शिफ्ट असतात. पाथर्डी फाट्यावरून बाइकने जातो. सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेले रस्ते तुम्हाला ठाऊकच आहेत, मनगट रोज मुसळासारखं आपटतं. पावसाळ्यात भिजणं आलंच.

मेहुणा म्हणतो ऑटोमॅटिक घे, सेलचं घड्याळ म्हणजे खेळणं. मित्र म्हणतो सोलर घे. दुकानदार डिस्काउंट असलेलं घे म्हणतो. मला सेकंद काटा घरंगळत जाणारा आवडतो हे कबूल करतो, पण शिफ्टला उशीर झालेला आवडत नाही.

कॉलेजरोडकर

मेहुण्याचं ऐका. माझ्याकडे जपानी एनएच३५ मशीन असलेलं ऑटोमॅटिक आहे. मागे काच आहे, आत रोटर, म्हणजे हाताबरोबर फिरणारं वजन, फिरताना दिसतो. हात हलला की स्प्रिंग आपोआप भरते, सेल बदलायची कटकट नाही. पूर्ण भरलं की साधारण ४१ तास चालतं. शिवाय चावीही देता येते आणि वेळ लावताना सेकंद काटा थांबतो. जुन्या ७एस२६ मशीनला या दोन्ही गोष्टी नव्हत्या, हलवत बसावं लागायचं. जास्त चावी दिली म्हणून ऑटोमॅटिक तुटत नाही, स्प्रिंगचं टोक आतल्या आत घसरतं. सेकंदाला सहा ठोके पडतात, म्हणून काटा घरंगळतो. तुमच्या जनताचे पाच पडतात, कानाशी धरून ऐका, फरक कळतो.

घड्याळात जीव असावा राव. सेलवाल्यात तो नसतो.

अडकित्ता

जीव असतो म्हणून तर आजारी पडतं.

आता आकडे बघा. एनएच३५ बनवणारेच म्हणतात की दिवसाला वजा २० ते अधिक ४० सेकंदांपर्यंतचा फरक नॉर्मल समजा. तुमचं नशिबाने रोज दहाच सेकंद पुढे गेलं तरी महिन्याला पाच मिनिटं. साधं सेलचं घड्याळ महिन्याला पंधरा सेकंद चुकतं. आत क्वार्ट्झचा इवलासा चिमटा असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. त्या आकड्याचं पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक उरतो. तोच तुमचा सेकंद.

१९६९ च्या डिसेंबरात सेइकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ काढलं तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती. तीच करामत आज शालिमारच्या फुटपाथवर तीनशे रुपयांत मिळते, म्हणून आपण तिला खेळणं म्हणायचं? दर दोन-तीन वर्षांनी सेल बदला, बाकी विसरून जा.

निवृत्त फिटर

शिफ्टवाला, आधी एक सांग बाळा. तू कंपनीत नक्की काय करतोस? लेथ किंवा ड्रिलवर असशील तर घड्याळ लॉकरमध्ये ठेवायचं, मग ते कुठलंही असो. फिरत्या जॉबमध्ये पट्टा अडकून हात गेलेला मी पाहिलाय. सर्फेस ग्राइंडरवर असशील तर दुसरीच गोष्ट आहे, ती तुझ्या उत्तरानंतर बोलू.

शिफ्टवाला

काका, मशीनवर नाही, क्वालिटीमध्ये आहे. दिवसभर सर्फेस प्लेटसमोर, डायल गेज, हाइट गेज अशी मोजमापाची साधनं. रूमला एसी आहे, धूळ नाही. म्हणून तर वाटलं होतं की घड्याळाला यापेक्षा चांगली जागा नाही.

निवृत्त फिटर

डायल गेज कशावर लावतोस?

शिफ्टवाला

मॅग्नेटिक स्टँडवर. अरे देवा.

पंचवटीची लेक

फिटरकाकांनी बरोबर जागी बोट ठेवलं. माझे वडील तीस वर्षं घड्याळदुरुस्ती करत होते. वेल्डिंगवाले, स्पीकर दुरुस्त करणारे, तुमच्यासारखे मॅग्नेटिक स्टँडवाले आले की घड्याळ उघडायच्या आधी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "काम काय करता?"

होतं काय, की बॅलन्स व्हीलला केसाएवढी बारीक पोलादी स्प्रिंग असते, तिला हेअरस्प्रिंग म्हणतात. तिचे वेढे एकमेकांपासून मोकळे राहायला हवेत. ती चुंबकली की वेढे एकमेकांना ओढतात, कधी चिकटतात. चिकटलेली स्प्रिंग म्हणजे आखूड झालेली स्प्रिंग. स्प्रिंग आखूड झाली की चक्र भरभर हेलकावे खातं, आणि घड्याळ पुढे पळतं. सुकलेलं तेल किंवा अडकलेली घाण असेल तर घड्याळ सहसा मागे पडतं किंवा बंद पडतं. एकाएकी दहा-पंधरा मिनिटं पुढे पळायला लागलं तर आधी चुंबकाचा संशय घ्यायचा. तेव्हा रविवार कारंजाच्या काकांवर नाहक आळ येऊ देऊ नका.

खात्री करायची तर मुलांच्या शाळेच्या दप्तरातलं साधं होकायंत्र आणा. सपाट ठेवा, सुई स्थिर होऊ द्या आणि घड्याळ हळूहळू जवळ न्या. सुई जरा हलली तर ते केसच्या पोलादामुळे असू शकतं. पण घड्याळ फिरवल्यावर सुई त्याच्या मागे-मागे गर्रकन वळायला लागली तर निदान झालं.

उपाय दोन मिनिटांचा आहे. घड्याळवाल्याकडे डिमॅग्नेटायझर असतो, आत तारेचं वेटोळं आणि वर बटण. घड्याळ त्यावर धरायचं, बटण दाबायचं, आणि बटण दाबलेलं असतानाच घड्याळ सावकाश हातभर वर न्यायचं. मगच बटण सोडायचं. घाईत जवळच सोडलं तर पुन्हा चुंबकतं. घड्याळ उघडावं लागत नाही.

शिफ्टवाला

ताई, पुतणीच्या कंपासपेटीतलं होकायंत्र आणलं. घड्याळ फिरवलं तर सुई नंदीबैलासारखी मान डोलवत मागे फिरली. वडील बाजूला उभे. म्हणाले, "इतकी वर्षं मी घातलं, कधी झालं नाही." मी म्हटलं तुम्ही स्टोअर्सला होता, मी क्वालिटीला.

आज काकांकडे गेलो. त्यांनी होकायंत्रसुद्धा पाहिलं नाही. "कंपनीत घालून गेला ना?" म्हणाले, खालच्या खणातून निळी डबी काढली, तीनदा वर-खाली केली आणि झालं. पैसे घेतले नाहीत, वर कटिंग पाजला. ऑटोमॅटिक घातलं तर हेच होईल का?

पंचवटीची लेक

होईल. चावीचं काय आणि ऑटोमॅटिक काय, दोघांना हेअरस्प्रिंग असतेच. ऑटोमॅटिकला फक्त चावी द्यायला रोटर असतो, पुढचं सगळं यंत्र एकाच घराण्यातलं. काही महागड्या घड्याळांत सिलिकॉनची स्प्रिंग असते, तिला चुंबक धरत नाही, पण ती आपल्या बजेटबाहेर. "अँटिमॅग्नेटिक" लिहिलेलं असलं तरी नेहमीचं मानक ४,८०० अँपिअर प्रति मीटरचं, म्हणजे जेमतेम ६० गॉसचं. जो स्टँड चालू केल्यावर दोन्ही हातांनी ओढून निघत नाही, त्याला मनगट टेकलं तर ती मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. मात्र अंतर वाढलं की चुंबकाचा जोर झपाट्याने उतरतो. वीतभर लांब हात ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो, पण काम करताना तेवढं भान कुणाला राहतं?

क्वार्ट्झच्या आत मात्र छोटी मोटर असते. चुंबक फार जवळ आलं तर ती अडते, घड्याळ थांबतं. लांब नेलं की पुन्हा चालू. वेळ लावून घ्यायची, बस. म्हणून तुमच्या कामाला क्वार्ट्झ, यात मला तरी शंका नाही. बाइकच्या धक्क्यांनाही तेच बरं. जनतावर "पॅराशॉक" लिहिलेलं असतं, म्हणजे बॅलन्सच्या टोकांना धक्का सोसायची सोय आहे, पण रोज सोसायला लावू नये.

आता सेलचं की सोलर. सोलरसुद्धा क्वार्ट्झच, फक्त डायलखाली सौर पट्टी आणि चार्ज होणारा सेल. सिटिझनची इको-ड्राइव्ह पूर्ण भरली की बरीच मॉडेल्स अंधारात सहा महिने निघतात. मला सोलर आवडतं याचं कारण सेलचे पैसे वाचतात हे नाही, ते दीड-दोनशे रुपये असतात. कारण हे, की दर वेळी सेल बदलताना कुणीतरी मागचं झाकण उघडतं, रबरी गॅस्केट कधी नीट बसतं, कधी नाही, आणि पुढच्या पावसात काचेआड वाफ धरते. झाकण जितकं कमी उघडेल तितकं बरं.

तोटा एकच. तिसरी शिफ्ट, दिवसा झोप, फुल बाह्यांचा युनिफॉर्म. असं महिनोन्महिने चाललं तर घड्याळ उपाशी राहतं. ट्यूबलाइटवर चार्ज होतं, पण फार हळू. सेकंद काटा दोन-दोन सेकंदांची उडी मारायला लागला की ते भूक लागल्याचं सांगतंय असं समजा. खिडकीत ठेवा, पण एप्रिलच्या उन्हात गाडीच्या काचेमागे नको. पाण्यासाठी ३० मीटर लिहिलेलं म्हणजे फक्त शिंतोड्यांपुरतं, तुम्ही १०० मीटरचंच बघा.

कॉलेजरोडकर

घरंगळणारा काटा गेला म्हणायचा. असो, ताईंपुढे बोलायची सोय नाही. पण पुढेमागे ऑटोमॅटिक घेतलंच तर एक लक्षात ठेवा. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख हाताने बदलायची नाही. त्या वेळात तारखेचे दाते एकमेकांत गुंतलेले असतात, एखादा तुटतो. तुम्ही तिसऱ्या शिफ्टवाले, तुम्हाला नेमका तेव्हाच मोकळा वेळ असणार.

अडकित्ता

गंमत सांगतो. एचएमटीने १९६१ मध्ये घड्याळं करायला घेतली ती सिटिझनच्याच सहकार्याने. म्हणजे सिटिझनचं सोलर घेतलंत तर वडिलांच्या जनताचा मावसभाऊच घरात येईल.

निवृत्त फिटर

बाळा, स्टँडचा स्विच काम झालं की बंद करायची सवय लाव. घड्याळासाठी नाही, गेजसाठी.

शिफ्टवाला

अपडेट देतो, नाहीतर हा धागाही अनाथ राहील.

एमजी रोडवरून सिटिझनचं सोलर घेतलं. काळी डायल, १०० मीटर, तारीख आहे. बजेटमध्ये बसलं. तीन आठवडे स्टँडशेजारी काम करतोय, फोनच्या वेळेशी ताडून पाहिलं, फरक दिसण्याएवढा नाही. दिवसपाळीला शर्टाची बाही वर करून गेटवर उभा राहतो, लोकांना वाटतं मी दाखवतोय. थोडं दाखवतोही. तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात आई ते सकाळी तुळशीजवळच्या खिडकीत ठेवते आणि मी उठायच्या आत माझ्या उशाशी आणून ठेवते.

एचएमटी आता दिवसाला बारा सेकंद पुढे जातं. हे मी कौतुकाने घरी सांगितलं आणि तिथेच चूक झाली. वडील म्हणाले, "नीट चालतंय ना? मग दे इकडे." सकाळच्या बातम्यांना पुन्हा चावी सुरू झाली आहे.

तर रविवारचा हात रिकामा आहे. कॉलेजरोडकर, तुमच्या त्या मागे काच असलेल्या ऑटोमॅटिकचं मॉडेल कोणतं म्हणालात?