मदत हवी आहे: एडवर्ड फेरार्सने लूसीशी ठरलेलं लग्न का मोडलं नाही?

जेन ऑस्टिनच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ या कादंबरीवर (१८११) शनिवारी वाचनगटात बोलायचंय आणि एडवर्डपाशीच अडकलेय. त्याचा जीव नायिका एलिनॉरवर, पण चार वर्षांपूर्वी लूसीला गुपचूप दिलेला शब्द काही मोडत नाही. आईने वर्षाला १००० पौंडांची नॉरफकची इस्टेट देऊ केली, मग वाऱ्यावर सोडलं, तरी पठ्ठ्या हलला नाही. (बोटातल्या अंगठीत लूसीचे केस, हे आठवलं की मात्र मला त्याचा रागच येतो.) ३७वं प्रकरण दोनदा वाचलं, तिथे एलिनॉरचा सावत्र भाऊ जॉन डॅशवुड त्याला हट्टी ठरवून मोकळा होतो. १९९५चा सिनेमा पाहिलाय, तो सुचवू नका. लग्नाचं वचन मोडल्यास तेव्हा इंग्लंडमध्ये दावा लावता येई, एवढं ठाऊक आहे. पण चारचौघांत जाहीर न केलेल्या वचनाला कोर्टात किंमत होती का? की त्याला अडवत होती ती फक्त लोकलाज?