सहा आठवड्यांची पिल्लं अशी बेढब दिसतात का? सल्ला हवा

अंगणवेडी:
पहिल्यांदाच कोंबडीची पिल्लं वाढवतेय. पाच आहेत, एकाच दिवशी अंड्यातून निघालेली, काल सहा आठवडे पूर्ण झाले. सुरुवातीला कापसाचे गोळे होते, आता ओळखू येत नाहीत. लांब माना, अर्धवट पिसं. मानेवर निळसर काड्या फुटल्यात आणि मधून कातडी दिसते. एकीच्या छातीवर उजव्या बाजूला संध्याकाळी लिंबाएवढा फुगवटा येतो. एकाला तर अजून शेपूटच नाही, पण तुरा त्याचाच सगळ्यांत लाल. यातलं वाढीचं काय आणि आजाराचं काय? टॉनिक सुरू करू का? दोन रात्री नीट झोपले नाहीये.

तलंगवाला:
ताई, टॉनिक राहू द्या. तुम्ही लिहिलंय त्यातलं बहुतेक सगळं वाढीचंच आहे.

निळसर काड्या म्हणजे नवी पिसं. पीस कोषात गुंडाळलेलं येतं, वाढताना त्यात रक्त खेळतं म्हणून निळं दिसतं. टोक सुटलं की कोष कोंड्यासारखा झडतो. त्या काड्या ओढू नका, दाबू नका. दुखतात आणि तुटल्या तर रक्त येतं. अंगावरची लव जाऊन पहिली पिसं साधारण पाच-सहा आठवड्यांत भरतात. पण पुढच्या काही आठवड्यांत त्यांतलीही बरीच गळून पुन्हा नवी येतात, त्यामुळे ती बराच काळ अशीच विस्कटलेली दिसतील. रंगही बदलेल.

फुगवटा म्हणजे खाद्याची पिशवी. दिवसभर खाल्लेलं तिथे साठतं आणि रात्रीतून पुढे सरकतं. सकाळी दाणे द्यायच्या आधी हात लावून बघा. सपाट असेल तर प्रश्न मिटला. सकाळीही टणक किंवा पाण्याच्या फुग्यासारखी लागली, तोंडाला आंबूस वास आला, तर मात्र डॉक्टरांकडे न्या.

लाल तुऱ्याचा बहुधा कोंबडा आहे. या वयात तलंगांचा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या माद्यांचा, तुरा फिका आणि छोटा असतो. तरी पक्कं सांगायला थांबावं लागेल: साधारण तीन महिन्यांच्या आसपास कमरेवर लांब, टोकदार, चकचकीत पिसं उतरली की तो नरच. तलंगांची तिथली पिसं गोलसर टोकाची असतात.

पहाटपक्षी:
शेपटीबद्दल थोडं वेगळं मत. जड बांध्याच्या जातींत नरांना पिसं उशिरा येतात हे खरं, पण तेवढ्यावर सोडू नका. त्याला हातात घेऊन शेपटीचं बूड नीट बघा. कातडी स्वच्छ असेल तर वाट बघा. तुटकी पिसं, खपली किंवा रक्ताचे ठिपके दिसले तर बाकीची त्याला टोचतायत. दाटी, उकाडा, दिवसभर प्रखर दिवा, खाद्यात प्रथिनं कमी, यातलं काहीतरी कारण निघतं. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, त्यामुळे नुसत्या धान्यावर ही पिल्लं भरत नाहीत. 18 ते 20 टक्के प्रथिनांचं पिल्लांचं खाद्य द्या. अंड्यावरच्या कोंबड्यांचं मात्र आत्ता नको, त्यातलं जास्तीचं कॅल्शियम कोवळ्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

आणि रोज शीट बघत जा. अधूनमधून पातळ, चिकट, तपकिरी, घाण वासाची शीट पडते, ती ठीक आहे. रक्त दिसलं आणि पिल्लू अंग फुगवून कोपऱ्यात बसलं तर रक्ती हगवण असू शकते, त्यात एक दिवसही घालवू नका. एक पाय पुढे, एक मागे पसरून पिल्लू उठेनासं झालं, तरी तसंच, लगेच डॉक्टर.

तलंगवाला:
पहाटपक्षींचा मुद्दा बरोबर आहे, शेपटीचं माझ्याकडून राहून गेलं. आणखी एक, आठवड्यातून एकदा ठरावीक वेळी प्रत्येकाचं वजन करून लिहून ठेवा. पिसांच्या पसाऱ्यात वाळलेलं पिल्लू डोळ्यांना कळत नाही, काटा सांगतो. आणि उन्हात पंख पसरून, मान टाकून पडलेली दिसली तर घाबरू नका. ऊन खात असतात. माझा पहिल्यांदा जीव गेला होता, धावत गेलो तर उठून पळाली!

अंगणवेडी:
सकाळी बघितलं. फुगवटा पूर्ण गेलेला. पण शेपटीच्या बुडाशी दोन खपल्या निघाल्या, म्हणजे टोचतच होती. रात्रभर दिवा चालू होता, तो बंद केलाय.

पहाटपक्षी:
पाठ आणि छाती पिसांनी भरली असेल आणि गारठा नसेल, तर या वयात दिव्याची ऊब लागत नाही. त्याला जाळीआड ठेवा, पण बाकीच्यांना दिसेल असा. पूर्ण वेगळा काढलात तर परत मिसळताना नव्याने मारामारी होते. बाकीच्यांना जागा वाढवून द्या आणि मातीत लोळू द्या.

अंगणवेडी:
बारा दिवसांनी लिहितेय. खपल्या पडल्या, परवा त्याला परत सोडलं, कोणी टोचत नाही. पाचही जणांची वजनं वाढलीत. आणि आज सकाळी त्याच्या बुडाशी सहा निळ्या काड्या मोजल्या!