विषय: जानेवारीचं तिकीट आणि मधल्या पाच रात्री

पार्ल्याची वहिनी | सोमवार, १ डिसेंबर २०२५, सकाळी

नमस्कार मंडळी,

एजंटने आज रात्रीपर्यंतच भाव धरून ठेवलाय, म्हणून लगेच विचारते. मुलगा जानेवारीच्या सत्राला अमेरिकेत शिकायला निघालाय. त्याला ९ जानेवारीला संध्याकाळी तिथे उतरणारं तिकीट मिळतंय. वसतिगृह १४ला दुपारी बाराला उघडणार, १५ला ओरिएंटेशन, वर्ग २० पासून. म्हणजे मधल्या पाच रात्री राहिल्या. १३ला उतरणारं तिकीट चौदा हजारांनी महाग पडतंय.

वन्संचं तिथे घर आहे, पण त्या २७ जानेवारीपर्यंत इथे आमच्याकडेच आहेत. किल्ली शेजारी ठेवलीय. त्या म्हणतात, राहू दे पोराला, काय होतंय. ह्यांच्या मनाला ते पटत नाही. कृपया आजच्या आज सांगा.

खजिनदार (अमेरिकेतल्या आपल्या मंडळाचे, सध्या दादरला आईकडे)

वहिनी, बंद घरात नको. ताईंनी निघताना हीटिंग अगदी खाली ठेवलं असणार, पाइप गोठू नयेत एवढंच. मुलगा रात्री दमून येणार, थंडगार घरात शिरणार आणि कुठलं बटण फिरवायचं ते त्याला कळणार नाही. बाहेर बर्फ पडला तर दारासमोरचा कोण काढणार? ९लाच पाठवायचं असेल तर माझ्या घरी दोन रात्री होतील. मी ५ला परत पोचतोय. ११ पासून मात्र सासरची मंडळी येणार आहेत.

दुसरं, फीबद्दल. सप्टेंबरच्या बैठकीत बोललो होतो, तरी पुन्हा लिहितो. वसंत सत्राची (जानेवारीत सुरू होणाऱ्या) फी जानेवारीत भरायची आणि पुढची ऑगस्टमध्ये, म्हणजे दोन वेगळी आर्थिक वर्षं. बँकेचा टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना आगाऊ घेतला जाणारा कर) १० लाखांच्या वरच्या रकमेवर लागतो आणि ती मर्यादा दर आर्थिक वर्षाला नव्याने सुरू होते. वर्षभराची फी एकदम पाठवायची घाई करू नका. शिक्षणकर्जातून जाणाऱ्या रकमेवर टीसीएस नाहीच.

स्वागत समिती

विमानतळावरून आणण्याची आणि पहिल्या रात्रींची व्यवस्था समितीकडून होते, हे पुन्हा सांगावं लागतंय. प्रत्येकाने परस्पर कबूल केलं की ऑगस्टसारखं होतं. एका मुलीसाठी दोन गाड्या पोचल्या आणि दुसरा मुलगा तीन तास बाकावर बसून राहिला. वहिनी, फॉर्म भरा. विमान क्रमांक, बॅगा किती, जेवणाचं पथ्य, सगळं त्यात आहे. खजिनदारांच्या दोन रात्री आम्ही यादीत धरतो.

खजिनदार

मी परस्पर काही कबूल केलेलं नाही. माझ्या घराबद्दल बोललो. फॉर्म त्यांनी भरावाच.

मुलुंडचे काका

वहिनी, तिकिटाचं सांगतो, पण आधी माझं ऐका. मीही जानेवारीतच गेलो होतो. १९९६ साल. ५ तारखेला उतरलो आणि ७-८ला ते मोठं हिमवादळ झालं, फिलाडेल्फियात ३० इंचांच्या वर बर्फ पडला होता. मी राहायचो ती खोली तळघरात होती. सकाळी उठलो तर खिडकीत नुसता पांढरा भिंतीसारखा उजेड. दार ढकललं तर वीतभर उघडलं, पुढे हलेना. मेस बंद, दुकानं बंद, बस बंद. आईने निघताना दिलेला चिवड्याचा डबा आणि बेसनाचे अकरा लाडू, यांवर मी आणि माझ्याबरोबरचा एक तेलुगू मुलगा तीन दिवस राहिलो. शेवटचा लाडू आम्ही सुरीने कापून घेतला. आज ते आठवलं की आईचा चेहरा समोर येतो. सहारला विमानतळावर ती लाडवांचा डबा माझ्या हातातल्या पिशवीत कोंबत होती आणि मी तिला ओझं होतं म्हणून रागावत होतो.

सांगायचं एवढंच की जानेवारीत कॅम्पस रिकामं असतं. ऑगस्टमध्ये पाचशे नवी मुलं येतात, जो तो मदतीला धावतो. जानेवारीत येणारी मोजकी, आणि जुनी मुलं सुट्टीवर गेलेली. चौदा हजार वाचतात खरे, पण पाच रात्री इकडून तिकडे सामान हलवण्यात जायच्या. १३चं घ्या. एकच रात्र सांभाळायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःच्या खोलीत.

आणि हे तिकिटाहून महत्त्वाचं: विषय मिळाले का त्याला? वसंत सत्रात जाणाऱ्याची खरी अडचण तिथे असते. दोन भागांचे विषय फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्टच्या सत्रात, सुरू होतात. हा मधल्या गाडीत चढणार, म्हणजे दुसऱ्या भागाला बसायचं तर पहिला झालेला नाही. मला त्यापायी एक सत्र जास्त लागलं.

दादरच्या माई

चिवडा नेऊ देतात, लाडूही. माझ्या नातीने ऑगस्टमध्ये नेले. तुपाचा डबा मात्र नीट सील करून घ्या, तिच्या सगळ्या कपड्यांना वास लागला.

विद्यार्थी (पार्ले)

काका, नमस्कार. आई म्हणाली तूच लिही.

मला एकूण ९ क्रेडिट घ्यायची आहेत. एक वर्गातला विषय मिळाला. दुसरा, स्टॅटिस्टिक्सचा, भरला होता, त्यात मी प्रतीक्षायादीत चौथा आहे. म्हणून दोन ऑनलाइन विषय बघून ठेवले, म्हणजे ९ होतील. पण नोंदणी करायला गेलो की पानावर होल्ड दिसतो आणि पुढे जाता येत नाही. आरोग्य विभागाचा होल्ड आहे असं लिहिलंय. मला वाटलं तिथे गेल्यावर सुटेल.

खरं तर मी फॉललाच जाणार होतो. शेवटच्या सत्राचा निकाल आणि मार्कशीट उशिरा हातात आली, म्हणून प्रवेश पुढे ढकलावा लागला.

मुलुंडचे काका

दोन ऑनलाइन चालणार नाहीत! एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर एका सत्रात पूर्णवेळ म्हणून ऑनलाइन एकच विषय धरतात, फार तर ३ क्रेडिटचा. म्हणजे तुझी मोजायची ६च होतील आणि पूर्णवेळ मोडेल. वर्गातला अजून एक विषय शोधायलाच हवा. आत्ताच सल्लागारांना मेल कर. त्यात दोन गोष्टी विचार: स्टॅटिस्टिक्स नाही मिळालं तर त्याऐवजी वर्गात काय घेता येईल, आणि जानेवारीत सुरू करणाऱ्याचा दोन वर्षांचा विषयांचा तक्ता त्यांच्याकडे आहे का. बहुतेक ठिकाणी फक्त फॉलवाल्यांचा तक्ता छापलेला असतो. तुझा तुला बसवावा लागेल.

प्रतीक्षायादीत चौथा म्हणजे वाईट नाही. पहिल्या आठवड्यात मुलं विषय सोडतात. पहिल्या दिवसापासून वर्गात जाऊन बस, नाव नसलं तरी.

आणि येत्या उन्हाळ्यात इंटर्नशिप धरून चालू नकोस. सीपीटीसाठी, म्हणजे शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायच्या परवानगीसाठी, साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष व्हावं लागतं, तुझं मे महिन्यात एकच सत्र झालेलं असेल. पहिल्याच सत्रापासून इंटर्नशिप सक्तीची असलेले काही अभ्यासक्रम असतात, तुझा तसा आहे का तेही विचारून घे. हे आईबाबांना आत्ताच सांग, कारण घरचा हिशेब बऱ्याचदा त्या पहिल्या उन्हाळ्याच्या पगारावर बांधलेला असतो.

गोरेगावच्या डॉक्टर काकू

होल्ड लशींचा आहे. थांबू नका. वहिनी, त्याचं लहानपणचं कार्ड शोधा आणि गोवराच्या रकान्यात काय लिहिलंय ते मला सांगा.

पार्ल्याची वहिनी

काकू, माळ्यावरच्या ट्रंकेतून काढलं. घडीवर फाटलंय, पण वाचता येतंय. ९ महिन्यांच्या रकान्यात गोवर, तारीख आणि निळ्या शाईत सही. १५ महिन्यांचा रकाना कोरा आहे. तेव्हा सासूबाई आजारी होत्या, आम्ही चार महिने गावी होतो. मग ते राहूनच गेलं. मला आज फार वाईट वाटतंय.

गोरेगावच्या डॉक्टर काकू

वाईट वाटून घेऊ नका, माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या निम्म्या मुलांचा तो रकाना कोरा असतो. पण हे नीट समजून घ्या. ९ महिन्यांचा डोस तिथे मोजत नाहीत, पहिल्या वाढदिवसानंतरचेच मोजतात. त्यांना एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेलाची एकत्र लस) दोन डोस हवेत आणि दोन्हींमध्ये किमान २८ दिवस. उद्या, २ तारखेला पहिला घेतला तर दुसरा ३० डिसेंबरला. म्हणजे डिसेंबरात लवकर पाठवायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो सोडा. दुसरा डोस तिथे घ्यायचा तर पैसे जातील आणि होल्ड तोवर लटकलेला राहील.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. क्षयाची तपासणीही मागतील. आपल्याकडे जन्मल्यावर बीसीजी ही क्षयाची लस दिलेली असते, त्यामुळे हातावर टोचून करायची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग छातीचा एक्स-रे वगैरे मागे लागतं. त्यापेक्षा रक्ताची आयग्रा चाचणी करा, तिला बीसीजीचा अडथळा नाही. पण रक्त एमएमआरच्या दिवशीच द्या. ते चुकलं तर मग निदान ४ आठवडे थांबावं लागतं, कारण लशीमुळे निकाल चुकीचा येऊ शकतो. उद्या सकाळी आधी रक्त, मग लस. विद्यापीठाला कुठली चाचणी चालते ते त्यांच्या फॉर्मवर बघून घ्या.

खजिनदार

काकूंनी हे मंडळाच्या मार्गदर्शक पुस्तिकेत घालावं. आमच्या पुस्तिकेत लशींची एकच ओळ आहे.

स्वागत समिती

पुस्तिका आमच्याकडे आहे. काकूंनी मजकूर आम्हाला पाठवावा, पुढच्या आवृत्तीत घेऊ.

भांडुपचा एक जुना सदस्य

माईंनी तुपाचं लिहिलं म्हणून. कढवलेलं तूप घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, वर प्लास्टिकच्या दोन पिशव्या आणि मग टॉवेलात गुंडाळून. मी सात वेळा नेलं, एकदाही सांडलं नाही. बॅग २३ किलोच्या वर जाऊ देऊ नका. काटा घरी नसेल तर वाण्याकडे तोलून घ्या, विमानतळावर बॅग उघडून सामान उपसणं फार जिवावर येतं.

पार्ल्याची वहिनी

मंडळी, हे कामावरून आल्यावर दोघांनी बसून ठरवलं. १३ला उतरणारं तिकीट काढलं. आत्ता पैसे भरले. चौदा हजार गेले, पण दोन्ही डोस इथेच होतील आणि वन्संच्या बंद घराचा प्रश्न मिटला. खजिनदार भाऊजी, तुम्ही लगेच घर देऊ केलंत, फार आधार वाटला. आता एकच रात्र आहे. समितीचा फॉर्म भरलाय.

वन्सं जरा हिरमुसल्या आहेत. त्यांच्या घरी भाच्याने पहिलं पाऊल टाकावं असं त्यांच्या मनात होतं. फेब्रुवारीत शनिवार-रविवार तो तिकडेच जाईल असं ठरवलं, तेव्हा जेवल्या.

स्वागत समिती

फॉर्म मिळाला. १३ची रात्र विमानतळाजवळच्या कुटुंबाकडे. १४ला दुपारी तेच वसतिगृहात सोडतील. त्या दिवशी संक्रांत आहे, हे त्या घरच्या काकूंनीच लक्षात आणून दिलं आणि तिळाच्या वड्या करून ठेवते म्हणाल्या. मंडळाचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम शनिवारी, १७ला. त्याला घ्यायला गाडी येईल.

विद्यार्थी (पार्ले) | मंगळवार, २ डिसेंबर, दुपारी

काकू, आधी रक्त दिलं, मग लस घेतली. दंड थोडा दुखतोय. दुसऱ्या डोसची वेळ ३० तारखेची घेतली. पहिल्या डोसची पावती आरोग्य विभागाला पाठवली. दुसऱ्याची तारीख कळवली तर होल्ड तात्पुरता काढता येईल का, असंही विचारलंय.

काका, सल्लागारांना रात्रीच मेल लिहिली. तिकडे सकाळ होती, दोन तासांत उत्तर आलं. वर्गातले दोन पर्याय सुचवलेत आणि जानेवारीवाल्यांचा तक्ता खरंच आहे, त्यांनी जोडून पाठवला. सोबत देतोय, बघून सांगाल का? तिसऱ्या सत्रात काहीतरी अडकतंय असं वाटतं. सक्तीची इंटर्नशिप माझ्या अभ्यासक्रमात नाही. उन्हाळ्याचं बाबांना सांगितलं.

मुलुंडचे काका

तक्ता मिळाला. जेवण झालं की बसतो. तिसऱ्या सत्रात तू दोन अवघड विषय एकत्र घेतले आहेस, त्यातला एक वसंत सत्रातच असतो, म्हणून तो हलणार नाही. दुसरा चौथ्यात टाकता येतो का बघू. रात्री नऊला फोन कर.

गोरेगावच्या डॉक्टर काकू

पावतीवर लशीचं पूर्ण नाव, बॅच क्रमांक, तारीख आणि दवाखान्याचा शिक्का आहे ना ते बघ. नुसती बिलाची पावती परत पाठवतात. नसेल तर आज संध्याकाळी जाऊन लिहून आण, डॉक्टर सात वाजेपर्यंत असतात.