सूत्रकृमीच्या कोवळ्या भ्रूणात केंद्रकी नेमकी कशी जमते?

अंत्रुजकन्या, फोंडा

नमस्कार. मी प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते आणि पुढच्या महिन्यात सी. एलिगन्स या सूत्रकृमीच्या भ्रूणावर मला चर्चासत्रात बोलायचे आहे. तयारी करताना भ्रूणाच्या सुरुवातीच्या विभाजनांचे चित्रण पाहिले. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात ठळक ठिपके, म्हणजे केंद्रकी (प्रथिने बनवणारे राइबोसोम जिथे घडतात त्या जागा), उगवतात, मोठ्या होतात आणि विभाजन जवळ आले की दिसेनाशा होतात. नव्या पेशींत हेच पुन्हा घडते. केंद्रकीभोवती पटल नसते हे पाठ्यपुस्तकात आहे, पण पटल नसताना तिचे घटक एकत्र येतात कसे, हे तिथे कुठेच सापडत नाही. दुसरी अडचण अशी की, भ्रूणाचा विकास होताना केंद्रक लहान होत जाते तशी केंद्रकीही लहान होते, मात्र भ्रूणच मुळात लहान असेल तर केंद्रकी उलट मोठी होते, असे वाचनात आले. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात?

ताळगाव_पठार

ही दोन्ही विधाने खरी आहेत आणि त्यांचे मूळ एकाच कारणात आहे. स्टेफनी वेबर आणि क्लिफर्ड ब्रँगविन या संशोधकांनी 2015 साली हेच दाखवून दिले. केंद्रकीचे घटक, उदाहरणार्थ फायब्रिलारिन हे प्रथिन, आई अंड्यात आधीच भरून ठेवते. ते ठरावीक संहतीने (म्हणजे दर आकारमानामागे ठरावीक रेणू या प्रमाणाने) भरले जात नाही, ठरावीक संख्येने भरले जाते, आणि सगळी मेख इथेच आहे. केंद्रकातील संहती एका उंबरठ्याच्या वर गेली तरच हे घटक द्रवातून वेगळे होऊन थेंबाच्या रूपात जमतात. उंबरठ्याइतका भाग मात्र केंद्रकरसात विरघळलेलाच राहतो. आपल्या आगरवाड्याच्या मिठागरात कोंडीतले पाणी आटले की मीठ तेवढेच असूनही खाली बसू लागते, तसेच हे आहे.

हिशेब कळावा म्हणून काल्पनिक आकडे घेऊ. उंबरठा 4 आणि केंद्रकात 100 रेणू आहेत असे माना. केंद्रकाचे आकारमान 10 असेल तर 40 रेणू विरघळलेले राहतील आणि 60 केंद्रकीत जमतील. भ्रूण मोठा असल्यामुळे केंद्रकाचे आकारमान 20 झाले, तर 80 विरघळलेले राहून केंद्रकीच्या वाट्याला फक्त 20 येतील, आणि आकारमान 30 झाले तर केंद्रकी जमणारच नाही. भ्रूणाचा आकार बदलला की दिसणारे उलटे नाते ते हेच. आता विकासाकडे पाहा. पेशी दुभंगते तेव्हा केंद्रक लहान होते आणि त्याच्या वाट्याचे रेणूही घटतात. आकारमान 5 आणि रेणू 50 झाले, तर 20 विरघळलेले राहतील आणि 30 जमतील; म्हणजे केंद्रक निम्मे झाले तशी केंद्रकीही निम्मी झाली. नियम एकच आहे, फक्त पहिल्या वेळी रेणूंची संख्या कायम होती आणि दुसऱ्या वेळी संहती.

भ्रूणाचा आकार बदलण्यासाठी वेबर आणि ब्रँगविन यांनी आरएनए हस्तक्षेपाचे, म्हणजे दुपदरी आरएनए देऊन निवडक जनुक गप्प करण्याचे तंत्र वापरले. फायर आणि मेलो यांनी 1998 मध्ये हे तंत्र याच कृमीत उलगडले होते, हे चर्चासत्रात जरूर सांगा.

पेडणे_पेशीशास्त्र

वरील हिशेब अचूक आहे. मिठागराच्या उपमेला मात्र एक मर्यादा घालायला हवी, कारण तिच्यामुळे विद्यार्थ्यांच्या मनात केंद्रकी घन असल्याची समजूत रुजते. मीठ स्फटिक होऊन बसते, तर केंद्रकी द्रवासारखी वागते: दोन थेंब एकमेकांना भिडले की मिसळून पुन्हा गोल होतात. बेडकाच्या अंडपेशीतील केंद्रकींमध्ये हे 2011 मध्ये दिसून आले. त्याआधी, 2009 साली, सी. एलिगन्सच्या एकपेशीय भ्रूणातील पेशीद्रवात असणारे पी-कण (आरएनए आणि प्रथिनांचे पटलहीन कण) द्रव थेंबांसारखे वागतात, एका बाजूला विरघळतात आणि दुसऱ्या बाजूला जमतात, हे ब्रँगविन, हायमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते. या साऱ्या विचाराची सुरुवात तिथूनच झाली असे मी मानतो.

केंद्रकी नाहीशी होण्याचे कोडेही यातून बरेचसे सुटते. विभाजनाच्या वेळी केंद्रकाचे पटल फुटते, आतले घटक संपूर्ण पेशीत पसरतात आणि संहती उंबरठ्याखाली जाते. शिवाय प्राण्यांच्या पेशींत एरवीही विभाजनाच्या काळात केंद्रकीत होणारी राइबोसोमी आरएनएची (राइबोसोमचा घटक असलेल्या आरएनएची) निर्मिती थांबलेली असते. नवे पटल तयार झाले की प्रथिने पुन्हा आत ओढली जातात, संहती चढते आणि थेंब पुन्हा जमतात.

अंत्रुजकन्या, फोंडा

आपणा दोघांचेही मनापासून आभार. आकड्यांच्या उदाहरणाने गुंता सुटला. तरीही एक शंका उरते. केवळ संहतीनेच सारे ठरत असेल तर थेंब केंद्रकात कुठेही जमायला हवेत. मग बहुतेक केंद्रकांत ठळक अशा दोनच केंद्रकी का दिसतात?

ताळगाव_पठार

शंका रास्त आहे. संहती ठरवते की थेंब जमेल का आणि किती. कुठे जमेल, हे मुख्यतः जनुके ठरवतात. या कृमीत राइबोसोमी आरएनएच्या जनुकांच्या पुनरावृत्त प्रती पहिल्या गुणसूत्राच्या टोकाशी असतात आणि त्या गुणसूत्राच्या दोन प्रती असल्यामुळे जागाही दोन होतात. तिथे नवे आरएनए तयार होत असते आणि त्याभोवती प्रथिने गोळा होतात. पण थेंब अन्यत्र जमतच नाहीत असे नाही. बेरी, वेबर, ब्रँगविन आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्येच नोंदवले की केंद्रकात इतरत्रही डझनावारी बारीक थेंब जमतात आणि त्यांना आरएनए निर्मितीची गरज लागत नाही. ते भटकत एकमेकांना भिडून मोठे होतात; थोड्या प्रमाणात लहान थेंब विरघळून मोठ्यांना पोसतात. मात्र जनुकांच्या जागी बसलेल्या दोघी ठळक वाढतात. म्हणून भौतिकी की जनुके, असा सामना लावू नका. भ्रूणात दोन्ही एकाच वेळी काम करत असतात.

पेडणे_पेशीशास्त्र

हे प्रत्यक्ष पाहायचे झाल्यास एक व्यवहाराची सूचना करतो. हा कृमी 15 ते 25 अंश सेल्सिअसला वाढवतात. आपल्याकडे मे महिन्यात खोलीचे तापमान सहज 30 च्या पुढे जाते, तेव्हा उबवणी कपाटाशिवाय प्रयोग करू नये. प्रौढ मादीसदृश कृमी सुईने मधोमध कापून अंडी बाहेर काढावीत आणि अॅगरोज या जेलीसारख्या पदार्थाच्या पातळ थरावर ठेवावीत; काचपट्टीचा दाब जास्त झाला तर अंडे चपटे होते आणि आकारमान मोजण्यात अर्थ उरत नाही. डीआयसी सूक्ष्मदर्शकाखाली (पारदर्शक पेशीतील भाग न रंगवता उठावदार दाखवणाऱ्या) पीतकाच्या, म्हणजे अंड्यातील अन्नसाठ्याच्या, दाणेदार गर्दीत केंद्रक गुळगुळीत चकतीसारखे दिसते. आठ पेशींच्या सुमारास त्या चकतीत केंद्रकीचे उंचवटे शोधावेत. मोजमाप करताना केवळ ठिपक्याचा व्यास न घेता, चकाकणारे प्रथिन जोडलेल्या फायब्रिलारिनची (ती प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाने पाहून) ठिपक्यातील आणि भोवतालच्या केंद्रकरसातील तेजस्विता वेगवेगळी नोंदवावी. भोवतालची तेजस्विता लहान-मोठ्या भ्रूणांत जवळपास सारखीच राहिली, तर तोच उंबरठा तुमच्या नोंदवहीत उतरला असे समजावे.