शिनोळी सोडून उद्यमबागेत: ४.८० लाख सीटीसीत हातात किती येतील?

नमस्कार मंडळी. राहायला बेळगावात वडगावला, नोकरी सध्या शिनोळीला, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत. आता उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपची ऑफर आलीय, सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ४,८०,०००. घरचे महिन्याला चाळीस हजार धरून बसलेत, बाबांनी तर गाडीच्या हप्त्याची चौकशीपण केली!

लेटरमध्ये महिन्याला बेसिक २०,०००, कंपनीचा पीएफ २,४००, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) ९६२. चाळीस हजारांतून हे शेवटचे दोन वजा करून ग्रॉस ३६,६३८. त्यातून परत माझा पीएफ २,४०० आणि प्रोफेशनल टॅक्स (राज्याचा नोकरी-धंद्यावरचा कर) २००. उरले ३४,०३८.

पीएफ दोनदा कसा काय जातो ओ? शिवाय आमच्यातले म्हणतात, कर्नाटकात प्रोफेशनल टॅक्स कमी. खरं काय? टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापला जाणारा आयकर, कापतील का?

प्रतिसाद १
आकडा बरोबर आहे. कंपनीचा पीएफ सीटीसीत धरतात म्हणून दोनदा गेल्यासारखा वाटतो. पैसा तुमच्याच नावावर जमतो: महिन्याच्या ४,८०० पैकी १,२५० पेन्शनला, ३,५५० पीएफ खात्यात. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) जुनाच द्या. ग्रॅच्युइटी मात्र कायम नोकरीत पाच वर्षं भरल्यावरच, तोवर ते ९६२ कागदावरच.

प्रोफेशनल टॅक्स राहता कुठे यावर नाही, काम कुठे करता यावर. कर्नाटकात २५ हजारांच्या आत माफ, ते तुमच्या कामाचं नाही. त्यावर दोन्हीकडे महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००.

टीडीएसची काळजी सोडा. वर्षाचा ग्रॉस ४,३९,६५६, नव्या करपद्धतीत ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट वजावट) गेलं की राहतात ३,६४,६५६. ४ लाखांपर्यंत करच नाही. ईएसआय (कामगार विमा) महिन्याला २१,००० च्या वर लागू नाही.

प्रतिसाद २
कंपनी तयार असेल तर पीएफ पूर्ण बेसिकऐवजी फक्त १५,००० रुपयांवर धरून दोन्हीकडून १,८०० करता येतो. हातात ३५,२३८ येतील. मी तरी करणार नाही, १,२०० रुपये पेट्रोलमध्ये कधी गेले कळत नाही आणि पीएफला व्याज मिळतं. त्यापेक्षा सीटीसीत दिवाळीचा बोनस धरलाय का ते आधी विचारा की. धरला असेल तर महिन्याचा आकडा आणखी खाली येईल.

धागाकर्ता
लेटर परत काढून बघितलं. बोनसची ओळ वेगळी नाही, पण "इतर भत्ते" म्हणून एक मोठा आकडा आहे. त्यात काय काय आलं, ते उद्या लेखी मागतो. बाबांना ३४ हजारच सांगतो.