फोनो प्री-अँपसाठी बॅटरी घ्यावी की लिनिअर पॉवर सप्लाय?

तबकडीवेडा
माझ्या संचात टर्नटेबल, छोटा फोनो प्री-अँप (टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणारे उपकरण) आणि २४ व्होल्टवर चालणारा क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर आहे. प्री-अँपला १२ व्होल्ट डीसी लागतो आणि तो सोबत आलेल्या अ‍ॅडॉप्टरवर चालतो. तबकडी थांबलेली असताना आवाज वाढवला की स्पीकरमधून खालच्या पट्टीतली गुणगुण सतत ऐकू येते. लिनिअर सप्लाय (स्विचिंगऐवजी साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालणारा) घ्यावा की थेट बॅटरी? बॅटरी घेतल्यास कोणत्या प्रकारची व किती क्षमतेची, आणि तीच अ‍ॅम्प्लिफायरलाही चालेल का? प्री-अँपवर १५० मिलिअँपिअर असा आकडा छापलेला आहे.

रोहित्र
खरेदीपूर्वी गुणगुण कोठून येते हे शोधावे. आजकालचे बहुतेक अ‍ॅडॉप्टर स्विचिंग पद्धतीचे (वीज अतिवेगाने चालू-बंद करून व्होल्टेज बदलणारे) असतात आणि त्यांचे स्विचिंग हजारो हर्ट्झवर, सहसा कानाच्या आवाक्याबाहेर चालते. त्यामुळे तुम्ही वर्णन केलेली ५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण बहुधा अर्थिंगच्या वळशातून (उपकरणे एकाहून अधिक वाटांनी अर्थिंगला जोडली गेल्याने तयार होणाऱ्या बंद मार्गातून) किंवा अ‍ॅडॉप्टरमधील कपॅसिटरमार्गे झिरपणाऱ्या सूक्ष्म प्रवाहातून येत असावी. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा (सुईची हालचाल विजेत बदलणाऱ्या भागाचा) सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्टच्या आसपास असतो आणि प्री-अँप तो सुमारे शंभर पटींनी वाढवतो, म्हणून येथे एरवी नगण्य वाटणारा प्रवाहही ऐकू येतो.

कोणतीही चांगली १२ व्होल्टची बॅटरी, चार्जर पूर्ण काढून, काही मिनिटे जोडून पाहा. त्याआधी पिनच्या मध्यभागी धन आहे की ऋण, हे अ‍ॅडॉप्टरवरील चिन्हावरून तपासा. काही प्री-अँपना एसी अ‍ॅडॉप्टर लागतो. त्यांना बॅटरी चालत नाही, पण तुमचा डीसीवाला आहे.

शून्य_रिपल
बॅटरीच घ्यायची ठरली तर व्होल्टेजकडे लक्ष द्या, कारण ‘१२ व्होल्ट’ हे निव्वळ नाव आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या चार सेलची बॅटरी चार्ज होताना १४.६ व्होल्टपर्यंत चढते, तर साध्या लिथियम-आयनच्या तीन सेलची बॅटरी १२.६ पासून सुरू होऊन ९ व्होल्टच्या आसपास उतरते. तुमच्या प्री-अँपच्या आतला रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) ही वरची मर्यादा सोसतो का आणि खालच्या टोकाला त्याला पुरेसे व्होल्टेज मिळते का, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहावे लागेल. सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी जड असली तरी या कामाला सोपी पडते. ७ अँपिअर-अवरची बॅटरी १५० मिलिअँपिअरवर कागदोपत्री ४६ तास चालेल. पण ती अर्ध्यापेक्षा खाली उतरवू नये, म्हणजे वीस-बावीस तास धरा.

धन टोकाजवळच १ अँपिअरचा फ्यूज बसवा, ही सूचना ऐच्छिक समजू नका. अशी बॅटरी शॉर्ट झाल्यास वायर पेटण्याइतका प्रवाह देते. पॉवर बँकेच्या वाटेला जाऊ नका: तिच्या आतही स्विचिंग सर्किटच असते, शिवाय प्रवाह फार कमी असला तर बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद पडतात.

जुना_ट्रान्सफॉर्मर
बॅटरीभोवती जे वलय आहे ते मला अतिरंजित वाटते. प्री-अँपच्या आत चांगला रेग्युलेटर असेल, तर शांतता मुख्यतः त्याच्यामुळे मिळते. चार्जिंगची कटकट मात्र कायमची मागे लागते. मी लिनिअर सप्लाय सुचवेन. फक्त त्याचा ट्रान्सफॉर्मर कार्ट्रिजपासून वायर पुरेल तितका दूर ठेवा, नाहीतर त्याचे चुंबकीय क्षेत्र नवी गुणगुण घेऊन येईल.

अ‍ॅम्प्लिफायरला ही बॅटरी लावू नका. मुळात तो १२ व्होल्टवर चालू होईल की नाही हेच पाहावे लागेल. आणि झाला तरी ब्रिज जोडणीच्या (स्पीकरची दोन्ही टोके अँपच चालवतो अशा) क्लास-डी अँपमधून ८ ओहमच्या स्पीकरला २४ व्होल्टवर सैद्धांतिक कमाल ३६ वॉट मिळतात, ते १२ व्होल्टवर ९ वर येतात. त्याचा सध्याचा सप्लाय पुरेसा प्रवाह देत असेल तर तो बदलण्याचे कारण नाही.

तबकडीवेडा
चाचणी केली. बॅटरीवर गुणगुण पूर्ण थांबते, पण बॅटरीला चार्जर जोडताच ती परत येते. अशा वेळी लिनिअर सप्लायने तरी फरक पडेल का?

रोहित्र
पडण्याची शक्यता चांगली आहे, मात्र त्याचे ऋण टोक मुख्य वीजपुरवठ्याच्या अर्थिंगला जोडलेले नसावे. प्लग काढलेला असताना मल्टिमीटरने ऋण टोक आणि प्लगची अर्थिंगची पिन यांच्यातील रोध मोजा. तो शून्याजवळ दिसला तर तो सप्लाय घेऊ नका, कारण अर्थिंगचा वळसा पुन्हा तयार होऊ शकतो. टोक मोकळे असेल, तर ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांमधून झिरपणारा प्रवाह स्विचिंग अ‍ॅडॉप्टरच्या तुलनेत बराच कमी असतो. बॅटरीच ठेवायची असल्यास प्री-अँप चालू करताच चार्जरची दोन्ही टोके तोडणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) बसवा. एकच टोक तोडल्यास वळसा दुसऱ्या टोकातून शाबूत राहू शकतो.